‘दमास्कस’ नावाची सुरी : एका पात्याची आणि त्याच्या शब्दांची समीक्षा

१

भाषाविषयक संशोधनाला वाहिलेल्या पत्रिकेत एका सुरीवर टीकालेख यावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. टीका ग्रंथाची करावयाची, कवितेची करावयाची. लोहाराच्या हातच्या वस्तूचे फार तर वर्णन करावे, असा आपल्याकडील रिवाज आहे. परंतु ज्या वस्तूला नाव आहे, जिच्याविषयी दावे केले जातात आणि ते दावे खरे की खोटे हे पडताळता येते, ती वस्तू टीकेचा विषय होऊ शकते. किंबहुना नाव आणि वस्तू यांच्यात जेथे अंतर पडते, तेथे भाषेच्या अभ्यासकाने बोलणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

विषय आहे नक्षीदार पोलादाची, लाकडी मुठीची, हाताने घडविलेली शिकारी सुरी. ठिकाण आहे भोसरी. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतीने या गावाचे रूप पालटले, आणि शेतीची अवजारे शेवटणाऱ्या लोहाराच्या परिसरात यंत्रांचे सुटे भाग घडविणारे कारखाने उभे राहिले. अशा ठिकाणी पोलादाचा तुटवडा नसतो. मालमोटारीचा मोडका कमानपाटा, झिजलेली पट्टी-करवत, टाकून दिलेले बेअरिंग यांपैकी प्रत्येक वस्तू जाणत्या हाताला कच्चा माल होय. प्रस्तुत लेखकाने येथील एका छोट्या भट्टीपाशी बसून अशी एक सुरी आरंभापासून अखेरपर्यंत घडताना पाहिली. कारागिराचे नाव देण्याचे कारण नाही. त्याच्या कामाचे आणि शब्दांचे मात्र आहे.

सुरी पुरी झाल्यावर ती ज्या नावाने विकली जाणार होती ते नाव ‘दमास्कस’. या एका शब्दापाशी प्रस्तुत टीकेचा आरंभ होतो.

२

‘दमास्कस पोलाद’ या नावाखाली आज दोन सर्वस्वी भिन्न वस्तू वावरतात.

पहिली वस्तू प्राचीन आहे. दक्षिण भारतात लोखंड आणि कार्बनयुक्त वनस्पतिद्रव्य मातीच्या बंद मुशीत घालून ते दीर्घकाळ तापवीत आणि मुशीतच सावकाश निवू देत. त्यातून सुमारे दीड टक्का कार्बन असलेल्या पोलादाची लहान ढेप मिळे. तमिळ प्रदेश, म्हैसूर आणि तेलंगण येथे या उद्योगाची केंद्रे होती. तेलंगणातील कोनसमुद्रम् येथील पोलादाविषयीचे व्हॉयसी यांचे टिपण १८३२ मध्ये प्रसिद्ध झाले असून, तेथे माल घेण्यासाठी इराणी व्यापारी येत असल्याचे त्यावरून कळते. या ढेपेतून घडविलेल्या पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी जी नक्षी उमटे तिला फारसी शस्त्रव्यवहारात ‘जौहर’ म्हणत.

दुसरी वस्तू त्या मानाने साधी आहे. दोन वेगवेगळ्या पोलादांच्या पट्ट्या एकावर एक रचावयाच्या, तापवून घणाखाली एकजीव करावयाच्या, लांबवून घडी घालावयाची आणि पुन्हा जोडावयाच्या. भिन्न लोखंडे जोडण्याची ही युक्ती युरोपात आणि आशियात पुष्कळ जुनी आहे. तथापि सुरीच्या बाजारात तिला आज जे स्थान आहे, त्याचा उगम १९७३ मध्ये विल्यम मोरान या अमेरिकी कारागिराने अशी पाती प्रदर्शनात मांडली तेथे शोधावा लागतो. भोसरीस जी सुरी घडताना पाहिली ती या दुसऱ्या जातीची.

आता नावाकडे पाहू. पहिल्या वस्तूचा कच्चा माल दख्खनचा आणि नाव सीरियातील शहराचे. हे नाव त्या शहराच्या बाजारावरून पडले, तेथील कारागिरीवरून पडले, की तेथील नक्षीदार कापडाच्या साम्यावरून पडले, याविषयी मतभेद आहेत. परंतु वस्तू जेथे विकली जाते तेथले नाव तिला चिकटते, ही गोष्ट मराठीला नवी नाही. मराठ्यांच्या हाती असलेल्या सरळ, लांब पात्याच्या तलवारीस आपण ‘फिरंग’ म्हटले, कारण पाते फिरंग्यांकडून आले; मग त्याला मूठ येथे बसविलेली असो, वा पुढे तसले पातेही येथेच घडविलेले असो. तेव्हा बाजाराने नाव दिले एवढ्यावरून ‘दमास्कस’ या शब्दाला दोष देता येणार नाही.

युरोपीय विज्ञानाने याच पोलादाला जे नाव दिले त्याची कथा अधिक बोधप्रद आहे. मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनला पाठविले आणि जॉर्ज पिअर्सन यांनी १७९५ मध्ये त्यांवरील प्रयोगांचा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. निबंधाच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईस तयार होणारे व तेथे ‘वूट्झ’ म्हटले जाणारे असे सांगितले आहे. मुंबई हे ते पोलाद जहाजात चढण्याचे ठिकाण. मुशी तापत होत्या त्या देशाच्या अंतर्भागात. ‘वूट्झ’ हा शब्दही, यूल आणि बर्नेल यांनी १८८६ च्या आपल्या कोशात सुचविल्याप्रमाणे, कन्नड ‘उक्कु’ या शब्दाच्या लेखनातील वा वाचनातील चुकीतून जन्मला असण्याचा संभव आहे. म्हणजे जे पोलाद समजून घेण्यासाठी पुढे मायकेल फॅरडेसारख्या शास्त्रज्ञाने परिश्रम केले, त्याचे शास्त्रीय नाव बहुधा लेखनिकाचा प्रमाद आणि त्याचे शास्त्रीय जन्मस्थान हे केवळ बंदर!

३

मग या नावाला आक्षेप कोणता? आक्षेप असा की, एकाच नावाखाली आलेल्या या दोन वस्तूंची अग्नीविषयीची आज्ञा परस्परविरुद्ध आहे.

जोडाच्या पोलादाला प्रखर आच लागते. पट्ट्यांची चळत सुमारे १२०० ते १३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्यावाचून एकजीव होत नाही. मध्ये टाकणखार घालावा लागतो. तो वितळून लोखंडावरील जळका पापुद्रा आपल्याबरोबर बाहेर वाहून नेतो आणि दोन स्वच्छ पृष्ठभाग एकमेकांना भिडतात. आच कमी पडली तर जोड कच्चा राहतो, आणि पाते पुढे केव्हातरी थराथरांनी उकलते.

मुशीच्या पोलादाचे याच्या उलट. त्यातील नक्षी ही लोह-कार्बाइडच्या सूक्ष्म कणांच्या ओळींची असते. व्हरहोवेन आणि पेंड्रे यांच्या १९९८ मधील संशोधनाने असे दाखविले की, खनिजातून आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अत्यल्प अंश या ओळी जुळून येण्यास कारणीभूत होतात, आणि त्या ओळी घडाईच्या वारंवार, पण आवरलेल्या आचेत स्पष्ट होत जातात. कारागिराने हे पोलाद जोडाच्या आचेपर्यंत नेले तर कार्बाइड विरघळून जाते, नक्षी नाहीशी होते आणि ढेप घणाखाली फुटते. एका पोलादात आच चढविणे हे कौशल्य, तर दुसऱ्यात आच आवरणे हे.

ज्या शब्दाने शिकणाऱ्याला विस्तव वाढवावयाचा की आवरावयाचा हेही कळत नाही, तो शब्द परिभाषा म्हणून निरुपयोगी होय. एवढेच नव्हे, तर तो अन्यायकारकही आहे. आजच्या जोड-पोलादाच्या सुरीला ‘लुप्त झालेल्या प्राचीन विद्येचा वारस’ म्हणून खपविले जाते, तेव्हा मुशीजवळ बसलेल्या दख्खनच्या लोहकारांचे श्रेय एका निराळ्याच कृतीच्या खात्यावर जमा होते. यास्तव पहिल्या वस्तूस ‘जौहरी पोलाद’ व दुसरीस ‘जोड-पोलाद’ असे म्हणावे, अशी प्रस्तुत लेखकाची सूचना आहे. दोन्ही शब्द वाचताच कळतात, आणि दुसरा तर क्रियेतूनच आलेला आहे.

४

आता प्रत्यक्ष सुरीकडे वळू. भोसरीच्या कारागिराने कमानपाट्याचे पोलाद आणि लाकूड कापण्याच्या पट्टी-करवतीचे निकेलयुक्त पोलाद अशा सात पट्ट्यांची चळत घेतली. तिची तीनदा घडी केली असता छप्पन थर होतात. पाचदा केली असता दोनशे चोवीस. तो तीन घड्यांवर थांबला. कारण विचारता म्हणाला, “सर, जास्त केलं की नक्षी केसासारखी बारीक होते, हातभर लांबून दिसत नाही. आणि दर घडीला थोडं लोखंड जळतंच.” थरांची संख्या मोठी म्हणजे पाते श्रेष्ठ, हा विक्रेत्यांचा समज त्याने दोन वाक्यांत निकालात काढला.

याच ठिकाणी आणखी एक समज तपासून घेणे इष्ट आहे. कठीण व चिवट अशा दोन पोलादांचे थर एकत्र आल्याने धार दोहोंचे गुण घेते, असे सांगितले जाते. परंतु जोडाच्या आचेवर कार्बन एका थरातून शेजारच्या थरात झपाट्याने पसरतो आणि सर्व थरांतील त्याचे प्रमाण जवळजवळ सारखे होते. निकेल मात्र जागचे फारसे हलत नाही. म्हणून फेरिक क्लोराइडच्या द्रावणात पाते बुडविले की निकेलचे थर चकचकीत राहतात, इतर थर काळवंडतात आणि नक्षी दिसू लागते. तात्पर्य, जोड-पोलादाच्या नक्षीचा धारेशी संबंध नाही. धार येते ती योग्य पोलादाची निवड आणि त्याला दिलेले पाणी यांमुळे.

यावरून नक्षी ही केवळ शोभा होय, असे म्हणून तिला गौण लेखणे योग्य होईल काय? मला तसे वाटत नाही. नक्षी ही क्रियेची नोंद असते. सळईला पीळ दिला असेल तर पात्यावर पीळ दिसतो. आडवे खाच पाडून सळई पुन्हा सपाट केली असेल तर शिडीसारख्या पायऱ्या दिसतात. उथळ भोके पाडून ठोकले असेल तर थेंबांभोवतीची वलये दिसतात. जोड कोठे कच्चा राहिला असेल तर तीही काळी रेघ तेथे राहतेच. जाणत्या डोळ्याला पाते वाचता येते. बाजारात साध्या पोलादावर वरवर कोरून वा छापून उमटविलेल्या लहरी मिळतात; त्या दिसावयास सुबकही असतात. त्यांचा दोष त्या खोट्या दिसतात हा नव्हे, तर जी क्रिया घडलीच नाही तिची त्या साक्ष देतात हा होय. हाताळलेले पाते पुन्हा घासून आम्लद्रावणात बुडविले की खरी नक्षी परत येते, छापलेली येत नाही. वस्तूच्या टीकेला याहून सोपी कसोटी क्वचितच लाभते.

भोसरीच्या सुरीत याच कसोटीवर एक उणे आढळले. पात्याच्या मध्यभागी नक्षी सुरेख उलगडलेली आहे. परंतु टोकाकडे आकार देताना कारागिराने घणाऐवजी ग्राइंडरवर अधिक भर दिला, त्यामुळे तेथे थर वळण्याऐवजी कापले गेले आणि रेषा अकस्मात तुटल्या. टोक ठोकून वळविले असते तर रेषा त्याच्याबरोबर वळल्या असत्या. हे उणे उपयोगाचे नव्हे, पण रूपाचे निश्चित आहे. कारागिराला ते दाखविले तेव्हा त्याने आधीच पाहिलेले होते.

मुठीची निवड मात्र निर्दोष आहे. जुन्या पलंगाच्या पायाचे वाळलेले शिसव त्याने घेतले. ताजे लाकूड पुढे आक्रसते आणि पात्याच्या मुठीत शिरणाऱ्या भागाभोवती फट पडते. अनेक पावसाळे पाहिलेले लाकूड सहसा दगा देत नाही. पूर्वी ही पोकळी लाखेने भरीत. आता रासायनिक चिकटा आणि पितळी खिळे आले. वरून जवसाच्या तेलाचा हात दिला आहे. मूठ गुळगुळीत आहे पण निसरडी नाही, आणि पात्याच्या नक्षीशी स्पर्धा करील अशी कोणतीही कोरीव शोभा तिच्यावर नाही. हा संयम रुचीचा आहे.

५

शब्दांच्या अंगाने या भट्टीपाशी जे आढळले ते आता मांडतो.

लोहाराच्या शब्दांत तीन काळ एकत्र नांदतात. विस्तवाजवळचे शब्द संस्कृतोद्भव आहेत : भाता हा ‘भस्त्रा’, घण हा ‘घन’, सांडस हा ‘संदंश’, आणि ऐरण ही ‘अधिकरणी’. व्याकरणात सप्तमीचा अर्थ सांगणारे ‘अधिकरण’ आणि लोहाराची ऐरण ही एकाच कुळातील आहेत, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्यावर क्रिया घडते तो आधार, हा अर्थ दोहोंत आहे. शस्त्र सजविण्याचे शब्द मुख्यत्वे अरबी-फारसीतून आले : पोलाद, म्यान, आब, आणि पाते घासून उजळणारा शिकलगार. कारखान्याबरोबर आले ते स्प्रिंग, बेअरिंग, ग्राइंडर, हार्डनिंग. पात्याच्या थरांशी याची तुलना करण्याचा मोह होतो, तो आवरावा. पात्यातले थर कोणी ठरवून रचलेले असतात. भाषेतले तसे नसतात.

सर्वांत विचार करावयास लावणारा शब्द ‘पाणी’. हत्याराला पाणी देणे म्हणजे तापलेले पाते एकदम निववून कठीण करणे. प्रत्यक्षात भोसरीच्या कारागिराने ते सुमारे ८०० अंशांवर तापवून तेलात बुडविले, तरी क्रियेचे नाव ‘पाणी’च राहिले. नंतर ठिसूळपणा घालविण्यासाठी पाते २०० अंशांच्या आसपास पुन्हा मंद तापवितात. त्याला मराठीत ‘पाणी उतरविणे’ असा समर्पक प्रयोग आहे. फारसीतही ‘आब’ म्हणजे पाणी, आणि पात्याचे तेजही. तो शब्द मराठीत आला आणि माणसाची प्रतिष्ठा सांगू लागला. आपण आब राखतो. ‘पाणीदार’ हा शब्दही पात्यावरून माणसाकडे आणि घोड्याकडे गेला असावा. ‘धार’ दुधाची आणि धार सुरीची यांना मात्र एकाच अर्थाचा विस्तार समजण्याची घाई करू नये. व्युत्पत्तिकोश ‘धारा’ हे दोन स्वतंत्र शब्द मानतात. जेथे प्रतिमा सुंदर जुळते तेथे व्युत्पत्तिशास्त्राने अधिक सावध राहावयास हवे.

येथे प्रस्तुत लेखकाला आपली एक चूक कबूल करावयाची आहे. काही वर्षांपूर्वी त्याने लोहारी शब्दांची एक यादी तयार केली होती. पद्धत अशी की, एकेक वस्तूकडे बोट दाखवावयाचे आणि “याला काय म्हणतात?” असे विचारावयाचे. यादी लांबलचक झाली आणि तीत जवळजवळ सर्व नामे आली. तीच यादी घेऊन भोसरीस बसलो असता ध्यानात आले की, कारागिराचे ज्ञान नामांत नाहीच. ते क्रियापदांत आहे. शेवटणे, पाणी देणे, पाणी उतरविणे, पीळ देणे, घडी घालणे, जोड धरणे, आच आवरणे. “जोड धरला का?” या प्रश्नात जे सारे आहे, ते ‘जोड’ या नामाच्या नोंदीत नाही. मोल्सवर्थ यांच्या कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ ची, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे मुख्य खंड १९३२ ते १९३८ चे. या थोर ग्रंथांचे ऋण मान्य करूनही असे म्हणावे लागते की, त्यांनी जे संग्रहित केले ते पुन्हा नकलून घेणे म्हणजे क्षेत्रकार्य नव्हे. कारखान्यातला तरुण ‘हार्डनिंग’ म्हणतो आणि ‘पाणी देणे’ हे त्याला ठाऊकही असते. त्याच्या पुढच्या पिढीला ते असेलच असे नाही.

६

शेवटी ‘शिकारी’ या विशेषणाविषयी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांनी या देशात हौसेची शिकार संपुष्टात आली. म्हणजे भोसरीची शिकारी सुरी कधीही शिकारीस जाणार नाही. ती संग्राहकाच्या कपाटात राहील, रानात भटकणाऱ्याच्या पिशवीत राहील, किंवा एखाद्या स्वयंपाकघरात भाजी चिरील. कायद्यालाही सुरीची ओळख तिच्या उपयोगावरूनच पटवावी लागते : शस्त्रविषयक नियम नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांत मोजतात, परंतु घरगुती, शेतकी, वैज्ञानिक वा औद्योगिक कामासाठी बनविलेल्या वगळतात. प्रस्तुत सुरीचे पाते पाच इंचांचे आहे.

या विशेषणाचा उपयोग संपला म्हणून ते टाकून द्यावे काय? येथे माझे मत ‘दमास्कस’च्या बाबतीतील मताहून वेगळे आहे. ‘शिकारी सुरी’ हे नाव आता एका आकाराचे नाव झाले आहे : आखूड, जाड पाठीची, एकधारी, वर वळलेल्या टोकाची सुरी. ऐकणाऱ्याला त्यावरून वस्तू नेमकी कळते. ‘दमास्कस’वरून ती कळत नाही, उलट चुकीची कळते. जुना अर्थ गमावलेला शब्द भाषेत सुखाने राहू शकतो. खोटी साक्ष देणाऱ्या शब्दाला मात्र कोशकाराने आणि टीकाकाराने प्रश्न विचारावयास हवा.

सुरी पुरी झाल्यावर मी कारागिराला ‘जोड-पोलाद’ हे नाव सुचविले. तो म्हणाला, “नाव बरोबर आहे सर. पण गिऱ्हाईक दमास्कसच मागतं.” त्याच्या पोटाचा प्रश्न आहे, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. परंतु परिभाषेचे काम करणाऱ्यांना, पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना आणि आपल्या विभागात लोहारी, सुतारी वा कुंभारी शब्दांवर प्रबंध लिहू इच्छिणाऱ्यांना ही सबब उपलब्ध नाही. त्यांनी भट्टीपाशी बसावे, बोट दाखवून नावे विचारण्याऐवजी हात काय करतो ते पाहावे, आणि त्या करण्याचे क्रियापद टिपून घ्यावे.